चक्कीवरचा पक्ष

घोडपदेवला, भाऊंच्या चक्कीवर,
लाकडी जिन्याच्या चौदा पायऱ्या संपल्या
की आमचा पक्ष होता.
सगळा.
एक टेबल, सायक्लोस्टाइलचं मशीन,
माणसं अकरा, खुर्च्या सात,
आणि झेंडा. त्यावर खालून पीठ उडून बसायचं,
म्हणून तो कायम जरा गुलाबी.
मोठ्या पक्षाचे लोक त्यावरून हसायचे.
नाईकधुरे मास्तर शनिवारी तो गच्चीवर झटकत,
गहू असला तर खोकत,
नाचणी असली तर शिंकत.

फुटलो होतो एका शब्दावरून.
ठरावात त्यांनी लिहिलं: संपाला तूर्तास पाठिंबा.
मास्तर उठले. म्हणाले,
भूक तूर्तास लागते का?
टाळ्या अकरा जणांच्या.
त्याच अकरा जणांचा पक्ष झाला.
मी एकोणीस वर्षांची. अक्षर बरं होतं,
म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली
आणि राहिली.

चढती कमान म्हणाल तर होती एक.
फिलोमिना परेरा: शिवणकाम, दोन मुलं, अस्सल शिव्या.
एकसष्ट मतांनी नगरसेविका झाली.
निशाणी मिळाली शिलाई मशीन,
ते तिच्याकडे होतंच.
प्रचाराचा खर्च, गेरू आणि चुना धरून,
चौऱ्याहत्तर रुपये.
त्या रात्री भाऊंनी चक्की बंद ठेवली
आमच्या घोषणा ऐकू याव्यात म्हणून.
पाच वर्षांत दोन नळ,
आणि बायकांच्या संडासांना आतून कड्या.
इतिहास विचाराल तर एवढाच.
कड्या अजून आहेत.

त्याच सुमारास गोदीत दुरुस्तीला आलेल्या बोटीवरचा
एक डॅनिश खलाशी पायऱ्या चढून वर आला.
उंच. चौकटीला डोकं आपटलं.
त्याच्या गावी म्हणे असाच पक्ष, नऊ जणांचा,
बेकरीच्या माळ्यावर.
म्हणजे त्यांच्याही खाली पीठ.
ताजुद्दीनने त्याला चहात बुडवून खारी खायला शिकवली.
मग दर जानेवारीला पत्र यायचं, बर्फाच्या तिकिटाचं.
आम्ही सात आहोत.
आम्ही पाच आहोत, त्यातले दोघे बोलत नाहीत.
मी उलट कळवायचे: आमचंही तसंच चाललंय.

गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले.
सभासद गावी गेले, काही वॉचमन झाले
पूर्वी जिथे गेटसभा घ्यायचे त्याच गेटवर.
उरलेल्या आठांत तीन गट.
ताजुद्दीनला काढलं, का ते वहीत आहे,
वाचवत नाही.
एकदा मास्तरांनी स्वतःवरच शिस्तभंगाची नोटीस काढली.
टंकली मी.
खुलासाही मीच टंकला.

शेवटच्या निवडणुकीत मतं एकशे बारा.
निशाणी गेली.
पुढच्या खेपेला शिलाई मशीन मिळालं
एका अपक्ष बिल्डरला. फलकावर तीस फुटी,
सुई सोनेरी.
फिलोमिना म्हणाली, धागा चुकीचा ओवलाय मेल्यांनी.
मतदानाच्या खोलीत मात्र
बोट त्या चित्रावर क्षणभर थांबलं तिचं.
हे तिनेच सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

डेन्मार्कचं शेवटचं पत्र चार ओळींचं:
टाइपरायटर शाळेला दिला,
बेकरीवाल्याने माळा परत मागितला,
तुमचं कसं?
त्याच महिन्यात आमची बैठक. हजर तीन.
मी लिहू लागले: पक्षाचे कामकाज…
आणि पेन उचललं.
मास्तर भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते.
लिही, म्हणाले.
तोच शब्द लिही.

वही उघडली की अजून मांडीवर पीठ सांडतं.
पत्राला उत्तर द्यायचं राहिलं.
पक्षाच्या नावे रजिस्टर टपाल मात्र येतं अधूनमधून.
भाऊंचा मुलगा हात पुसून सही करतो,
आणि हुद्द्याच्या रकान्यात लिहितो:
खालचा.